विद्युत्-आरेखांच्या रूपांतराची जबाबदारी

ज्या कारखान्यात अमेरिकेहून आलेले एखादे जुने यंत्र आणि जर्मनीहून आलेले एखादे नवे यंत्र एकाच छपराखाली, एकाच वायरमनच्या देखरेखीत चालते, त्या कारखान्याच्या आरेखन-कचेरीत केव्हा ना केव्हा असा हुकूम सुटतोच की, जुन्या यंत्राची सर्व विद्युत्-ड्रॉइंग्ज ‘इंची’तून ‘मेट्रिक’मध्ये करून घ्यावीत. हुकूम काढणाऱ्याच्या मनात वावगे काही नसते. इंचांना २५.४ ने गुणले म्हणजे जसे मिलिमीटर हाती येतात, तशीच एका पद्धतीची चिन्हे काढून त्यांच्या जागी दुसऱ्या पद्धतीची बसवली म्हणजे आरेखही बदलून मिळेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. आणि म्हणूनच हे काम नक्कल उतरवण्याच्या जातीचे मानून कचेरीतल्या सर्वांत कनिष्ठ आरेखकाकडे, किंवा पत्रकामागे अमुक रुपये या दराने बाहेरच्या ठेकेदाराकडे, तो निःशंकपणे सोपवतो. ही समजूत मुळातच चुकीची आहे, तिच्यामुळे होणारे नुकसान कागदावर दिसत नाही आणि यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला ते भोगावे लागते, हे मला या लेखात सविस्तर मांडावयाचे आहे.

चिन्हाला माप नसते. रोधकाचे नागमोडी चिन्ह एक इंच लांब काढले काय किंवा वीस मिलिमीटर लांब काढले काय, त्याने परिपथातला रोध तिळमात्र कमी-अधिक होत नाही. मापाचा आणि चिन्हसंकेताचा संबंध केवळ भूगोलाने आणि इतिहासाने जुळवलेला आहे: ज्या देशात इंच टिकला त्या देशात एक चिन्हसंच वाढला, ज्या देशांत मीटर स्वीकारला गेला त्यांत दुसरा वाढला, आणि संगणकावर आरेखन करून देणाऱ्या ऑटोकॅड इलेक्ट्रिकलसारख्या आज्ञावलींनी सोयीसाठी दोन्हींची गाठोडी एकत्र बांधून वापरणाऱ्यापुढे ठेवली. त्यामुळे नवे पत्रक उघडताना ‘कोणते एकक?’ आणि ‘कोणता चिन्हसंच?’ हे दोन सर्वस्वी भिन्न प्रश्न एकच आहेत, असा आभास निर्माण होतो.

या दोन परंपरांचा उगम वेगवेगळ्या गरजांत आहे. १९०४ साली सेंट लुइस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने केलेल्या ठरावातून १९०६ साली लंडनमध्ये आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोग, स्थापन झाला आणि लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नाना भाषांच्या राष्ट्रांना एकमेकांचे आरेख वाचता यावेत, शब्दांचा आधार शक्य तितका कमी लागावा, हे या आयोगाच्या चिन्हकार्यामागचे मुख्य प्रयोजन होते. त्याचा चिन्हसंग्रह प्रथम ११७ या क्रमांकाने, १९८३ पासून ६१७ या क्रमांकाने आणि १९९७ मध्ये क्रमांकांची फेररचना झाल्यावर ६०६१७ या क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत गोष्ट निराळी होती. तेथील यंत्रउद्योगापुढे भाषाभेदाचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातल्या वीजतंत्र्याला बिघाड झटपट सापडावा, हा प्रश्न होता. त्यातून दोन उभ्या रेषांच्या मध्ये आडव्या पायऱ्या मांडणारा ‘लॅडर’ आरेख रूढ झाला, आणि जेआयसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या १९६७ च्या ईएमपी-१ या मानकाने त्यातल्या चिन्हांना निश्चित रूप दिले. व्यापक विद्युत्-क्षेत्रासाठी १९७५ चे आयईईई ३१५ हे मानक होते. ते २०१९ मध्ये निष्क्रिय ठरवले गेले, तरी त्यातली चिन्हे असंख्य पॅनेलांच्या दारांआड आजही नांदत आहेत.

आपल्या देशाची स्थिती या दोहोंहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. १९५६ च्या कायद्याने आपण दशमान मापे स्वीकारली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने विद्युत्-चिन्हांसाठी प्रथम आयएस २०३२ आणि पुढे, आयईसीच्या ६१७ चा आधार घेऊन, आयएस १२०३२ ही मानके सिद्ध केली. म्हणजे दप्तरात आपण केव्हाच आयईसीचे झालो. तथापि भोसरी-चाकणच्या पट्ट्यात काम केलेल्या कोणत्याही वायरमनला विचारावे. एका पाळीत त्याला अमेरिकी लॅडर वाचावा लागतो आणि दुसऱ्या पाळीत जर्मन पत्रक, आणि घरगुती वायरिंगच्या गोष्टी निघाल्या की तोच माणूस ‘तीन-वीस’ आणि ‘सात-वीस’ या ब्रिटिश गेजाच्या जुन्या परिभाषेतही सहज बोलतो. अनेक संकेतांमध्ये एकाच वेळी वावरण्याचे हे सामर्थ्य आपल्या कारागिरांनी कोणत्याही शाळेत न शिकता मिळवले आहे, आणि रूपांतराचे हुकूम काढताना त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

प्रथम निव्वळ भूमितीचा प्रश्न घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि तरीही तेथेच पहिली ठेच लागते. अमेरिकी पद्धतीची चिन्हे बहुधा एक अष्टमांश इंचाच्या जाळीवर रचलेली असतात. आयईसीची चिन्हे २.५ मिलिमीटरच्या जाळीवर. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. सारे पत्रक २५.४ ने गुणले की आकार बरोबर येतो, पण नव्या ग्रंथालयातून उचललेल्या चिन्हाचे टोक जेथे येते तेथे जुन्या तारेचे टोक येत नाही. दोहोंमध्ये डोळ्याला न दिसणारी फट राहते. कागदावर ती रेषा अखंड दिसते, छापून आल्यावरही अखंडच दिसते, परंतु संगणकाच्या हिशेबी ती तुटलेली असते. मग एकाच तारेला दोन क्रमांक मिळतात, त्या दोन क्रमांकांवरून दोन फेरूल छापले जातात, आणि पॅनेल बांधणारा माणूस एका तारेऐवजी दोन तारा शोधत बसतो. हा दोष निदान यांत्रिक तपासणीने सापडू शकतो. पुढचे दोष तसे सापडत नाहीत.

दोन समांतर उभ्या रेषा, मध्ये मोकळी जागा: अमेरिकी लॅडरमध्ये याचा अर्थ एनओ, म्हणजे सामान्यतः उघडा, काँटॅक्ट असा होतो, आणि आयईसीच्या परिपथ-आरेखात जवळपास त्याच आकृतीचा अर्थ कपॅसिटर असा होतो. अमेरिकी पद्धतीत वर्तुळ म्हणजे रिलेची कॉइल. आयईसीत कॉइलला आयत असतो, आणि लांबट आयत दुसऱ्या अंगाने तारेत बसला की तोच रोधक होतो. गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्ससारख्या कारखान्यांच्या गरजेतून जेव्हा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर जन्माला आला, तेव्हा वीजतंत्र्यांना परिचित असावा म्हणून त्याच्या आज्ञा लॅडरच्याच रूपात लिहिण्याची पद्धत पडली. आणि पुढे १९९३ मध्ये आयईसीनेच या आज्ञाभाषांचे मानक केले तेव्हा त्यात समांतर रेषांचा तो अमेरिकी काँटॅक्ट जसाच्या तसा स्वीकारला. परिणामी निखळ युरोपीय पद्धतीने बांधलेल्या यंत्रातसुद्धा तारांचा आरेख एका संकेतात असतो आणि त्याच यंत्राची आज्ञावली दुसऱ्या संकेतात असते. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारात नसून ते ज्या व्यवस्थेत उभे आहे त्या व्यवस्थेत असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला तरी ठाऊक नाही.

आणि या व्यवस्था रचनेतही सारख्या नाहीत. आयईसीची पद्धत संस्कृत व्याकरणाला जवळची आहे: धातू थोडे, उपसर्ग आणि प्रत्यय पुष्कळ, आणि त्यांच्या संयोगातून हवा तो शब्द सिद्ध करता यावा अशी योजना. एकच मूळ काँटॅक्ट. त्याला हाताने चालवण्याचे उपचिन्ह जोडले की पुशबटन, तापमानाचे जोडले की तापस्विच, दाबाचे जोडले की दाबस्विच. अमेरिकी पद्धतीत मात्र दाबस्विचचे चित्र निराळे, पातळीस्विचचे निराळे, प्रवाहस्विचचे निराळे. ती चिन्हे एकेकटी, स्वयंपूर्ण आणि डोळ्याला चटकन ओळखू येणारी. दोन्ही पद्धतींत गुण आहेत, आणि रात्री बिघाड शोधणाऱ्याच्या दृष्टीने अमेरिकी चित्रे सरस आहेत असे मला वाटते. पण त्यामुळेच एका चिन्हासमोर दुसरे चिन्ह लिहून तयार केलेला तक्ता, ज्याच्या भरवशावर बहुतेक रूपांतरे केली जातात, तो काही ठिकाणी निरुत्तर होतो आणि काही ठिकाणी, जे अधिक घातक आहे, खोटे उत्तर देतो.

लिमिट स्विच घ्या. जेआयसीच्या संचात त्याची चार चित्रे आहेत: सामान्यतः उघडा, सामान्यतः बंद, सामान्यतः उघडा परंतु यंत्र आरंभस्थितीत असताना दाबला गेल्यामुळे बंद धरलेला, आणि सामान्यतः बंद परंतु त्याच कारणाने उघडा धरलेला. यांपैकी तिसरे आणि चौथे चित्र केवळ स्विचविषयी बोलत नाही. यंत्राचा सरकता भाग आरंभी कोठे उभा असतो हेही ते सांगते. आयईसीत स्विच न दाबलेल्या अवस्थेत काढण्याचा शिरस्ता आहे आणि यंत्राच्या स्थितीची माहिती शेजारच्या टिपेने किंवा आलेखाने द्यावयाची असते. तक्त्याने रूपांतर करणारा ‘बंद धरलेल्या उघड्या’च्या जागी साधा उघडा काँटॅक्ट बसवून पुढे जातो; टीप लिहिणे त्याच्या ठेक्यात नसते. चिन्ह बरोबर, माहिती नष्ट. उलट दिशेनेही असेच घडते: आपत्कालीन थांब्याच्या काँटॅक्टचे पाते स्प्रिंगवर विसंबून नसून बटन दाबताच यांत्रिक रीतीने सक्तीने उघडतेच, हे सांगणारा वर्तुळातला बाण आयईसीच्या आरेखात असतो, आणि जुन्या अमेरिकी संचात त्याला तोडीचे चिन्ह नाही. माणसाच्या जिवाशी संबंधित असलेले एक विधान अशा रीतीने एका पत्रकावरून दुसऱ्या पत्रकावर जाताना मुकाट्याने गळून पडते.

दिशेचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. अमेरिकी लॅडरच्या पायऱ्या आडव्या असतात; आयईसीच्या पत्रकात पुरवठ्याच्या रेषा वर आणि खाली आडव्या धावतात आणि परिपथ त्यांच्यामध्ये उभे लोंबतात. रूपांतरात सबंध रचना नव्वद अंशांनी वळवावी लागते. आयईसीचा संकेत असा की उभ्या परिपथात काँटॅक्टचे पाते क्रिया होताना डावीकडून उजवीकडे सरकते असे मानावे आणि आडव्या परिपथात खालून वर. म्हणून चिन्ह एका बाजूने वळवले तर संकेत टिकतो, दुसऱ्या बाजूने वळवले तर मोडतो. विलंबाने चालणाऱ्या काँटॅक्टवर जो लहानसा कंस असतो त्याचा नियम तर असा आहे की, कंसापासून त्याच्या केंद्राच्या दिशेने होणारी हालचाल सावकाश होते, उलट दिशेची तत्काळ. म्हणजे तोच कंस आरशातल्यासारखा उलटला की रिले चालू होताना लागणारा विलंब हा रिले बंद होताना लागणारा विलंब ठरतो. पंखा आधी सुरू व्हावा आणि मग हीटर, की हीटर बंद झाल्यावर पंखा काही वेळ चालत राहावा, हा भेद त्या कंसाच्या पोटाने कोणत्या बाजूला तोंड केले आहे एवढ्यावर अवलंबून असतो. संगणकावर आरसा-प्रतिमा करण्याची आज्ञा एका कळीवर असते, आणि ती कळ दाबणाऱ्याला या भेदाची जाणीव असेलच असे नाही.

चिन्हांनंतर नावे. अमेरिकी पत्रकात कंट्रोल रिले ‘सीआर’, लिमिट स्विच ‘एलएस’, ओव्हरलोड ‘ओएल’, आणि मोटार चालू करणारा मुख्य काँटॅक्टर बहुधा नुसता ‘एम’. आयईसीच्या अक्षरसंकेतात ‘एम’ म्हणजे मोटार स्वतः. काँटॅक्टर जुन्या आवृत्तीनुसार ‘के’ आणि आज प्रचलित असलेल्या ८१३४६ या मानकानुसार मुख्य परिपथात ‘क्यू’. शिवाय अमेरिकी नाव त्या वस्तूचे काम सांगते आणि पायरीचा क्रमांक तिचा पत्ता सांगतो. आयईसीत समानचिन्हाने कार्य, अधिकचिन्हाने स्थान आणि उणेचिन्हाने वस्तू अशी तिहेरी ओळख असते. लॅडरमध्ये कॉइलच्या उजवीकडे तिचे काँटॅक्ट ज्या ओळींवर आहेत त्या ओळींचे आकडे असतात, आणि बंद काँटॅक्टच्या आकड्याखाली रेघ ओढलेली असते; ती रेघ हे शोभेचे अधोरेखन नव्हे, ते विधान आहे, आणि मजकूर म्हणून नक्कल करताना सर्वांत आधी तीच नाहीशी होते. या सर्वांवर कळस असा की पॅनेलमधल्या पट्ट्या आणि तारांवरचे फेरूल कोणी बदलत नाही. ड्रॉइंगवर ‘-के ३’, पॅनेलवर ‘३सीआर’. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष, आणि मध्ये उभा असलेला माणूस निराधार.

तारांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. अमेरिकी १४ गेजची तार म्हणजे २.०८ चौरस मिलिमीटर. असा आकार मेट्रिक श्रेणीत नाही, तेथे १.५ नंतर एकदम २.५ येतो. कोणता घ्यावा हा गुणाकाराचा प्रश्न नाही, निर्णयाचा आहे. ब्रिटिश गेजातला १४ याहून बराच जाड, सुमारे ३.२४ चौरस मिलिमीटरचा, म्हणून नुसते ‘१४ गेज’ लिहिलेला जुना कागद आपल्या देशात दोन अर्थांनी वाचला जाऊ शकतो. रंगांत तर धोका उघडाच आहे: आपल्याकडच्या जुन्या शिरस्त्याने काळी तार म्हणजे न्यूट्रल, आणि अमेरिकी यंत्रात काळी म्हणजे मुख्य पुरवठ्याची जिवंत तार. रंगाचे नाव मराठीत लिहिले की इंग्रजीत, याने हा धोका तसूभरही कमी होत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, आज्ञावली दिवसेंदिवस अधिक हुशार होत आहेत, आज जे तक्त्याला जमत नाही ते उद्या यंत्राला जमेल. जमेलही, नागमोडी रोधकाचा आयत करणे त्याला आजच जमते, आणि असे निरुपद्रवी बदल त्याच्याकडे अवश्य सोपवावेत. परंतु लिमिट स्विच आरंभी दाबलेला आहे की नाही हे जेथे पत्रकावर चुकीचे लिहिले असेल, किंवा तीस वर्षांपूर्वी एखाद्या फोरमनने यंत्रात बदल करून तो कागदावर उतरवलाच नसेल, तेथे सत्य फक्त यंत्रात असते. कागदावरून कागद तयार करणारी कोणतीही पद्धत, ती माणसाची असो वा संगणकाची, त्या सत्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकरूपता हीच सुरक्षितता, असे त्याचे म्हणणे. एका कारखान्यात दोन चिन्हभाषा नांदू दिल्या तर नवा माणूस चुकणारच. हे मला तत्त्वतः मान्य आहे, आणि नवी यंत्रे मागवताना सर्व आरेख आयईसीतच हवेत अशी अट करारात घालावी, असेच मी म्हणेन. पण जुन्या यंत्राच्या बाबतीत एकरूपता मिळवण्याचा खर्च प्रामाणिकपणे मोजला पाहिजे. जे अर्धवट रूपांतर प्रत्यक्षात हाती येते त्यात चिन्हे आयईसीची, नावे अमेरिकी, पायऱ्या आडव्याच, ओव्हरलोडचा काँटॅक्ट जुन्या अमेरिकी रिवाजाप्रमाणे कॉइलच्या पलीकडे राहून गेलेला, आणि तारांचे आकार दोन्ही श्रेणींत सरमिसळ. हा संकर दोन शुद्ध भाषांपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे, कारण त्याच्या वाचकाला कोणताही एक नियम शेवटपर्यंत लावता येत नाही. म्हणून माझा पक्ष असा की, आरेख पुनश्च काढावयाचा असेल तर यंत्राच्या क्रियेवरून, पॅनेल उघडून, तारा पडताळून संपूर्ण काढावा. आणि तेवढा वेळ व पैसा खर्च करण्याची तयारी नसेल तर मूळ पत्रकाला हात न लावता नव्या माणसाला ती जुनी भाषा शिकवावी. लॅडर वाचावयास शिकण्यासाठी बुद्धिमान वायरमनला फार काळ लागत नाही.

ज्यांनी पूर्ण रूपांतराचा मार्ग पत्करला आहे त्यांच्यासाठी काही व्यवहारी सूचना. पत्रकामागे दर ठरवण्याची पद्धत सोडावी, कारण ती घाईला बक्षीस देते; दर यंत्रामागे ठरवावा आणि त्यात पॅनेलजवळ घालवावयाचा वेळ धरावा. जे विधान एका चिन्हसंचातून दुसऱ्यात नेता आले नाही त्याची नोंद वेगळ्या पत्रकावर करावी आणि ते पत्रक संचाचा भाग मानावे. टायटल ब्लॉकमध्ये मूळ आरेखाचा क्रमांक व आवृत्ती, रूपांतर करणाऱ्याचे नाव, आणि यंत्रावर पडताळणी करणाऱ्या अभियंत्याची तारखेसह सही, अशी तीन घरे ठेवावीत. तिसरे घर रिकामे असेल तोवर नवा संच कार्यवाहीत आणू नये. मूळ आरेखाची प्रत पॅनेलच्या दारामागच्या कप्प्यात तशीच राहू द्यावी, नव्या संचाच्या शेजारी. आणि फेरूल व पट्ट्या बदलण्याचे काम त्याच ठेक्यात, त्याच मुदतीत, त्याच रकमेत समाविष्ट असल्याचे कलम मसुद्यात स्पष्ट लिहून घ्यावे.